सातेरीचं खातं

“सातेरी माय कबड्डी बघता?” जानकीआत्याने दोन्ही हात कपाळाला लावले आणि ती मटकन कदेलावर बसली. ते कदेल, म्हणजे हाताची मोठी लाकडी खुर्ची, बाबुरावांचं. त्यात दुसऱ्या कोणी बसायचं नाही असा कारापूरच्या त्या घरातला रिवाज. पण असल्या वेळी रिवाज कोण बघतो!

टीव्हीवर खरोखरच कबड्डी होती. दिवेलागणीला आरती लावावी म्हणून बाबुरावांनी ग्रामदेवी सातेरीचं खातं उघडलं, तर ‘तुमच्यासाठी खास’च्या खाली भजनं नाहीत, आरत्या नाहीत, दंड थोपटणाऱ्या, मातीत लोळणाऱ्या मुलींचे सामने, ओळीने.

“कोणी केल्यान ह्या?” बाबुराव गरजले. खाणीवर टिपर चालवून चालवून त्यांचा आवाजही टिपरासारखा झाला होता.

“मी नाय हां,” धाकटा साईश आधीच म्हणाला. घरात काहीही बिघडलं की पहिलं नाव आपलं येतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

स्वयंपाकघराच्या दारात बाबुरावांची बायको पार्वती उभी होती. एका हाताला ओल्या खोबऱ्याचा कीस, खांदा चौकटीला टेकलेला. सातेरीच्या नावावर कबड्डी बघणारी बाई तीच होती.

आता हे देवीचं खातं काय प्रकरण, ते सांगायला हवं. पार्वतीची सून गौरवी पर्वरीतल्या एका कंपनीत होती. टीव्ही लावल्यावर त्याने काय विचारायचं, घरातल्या माणसांची खाती कशी पाडायची, कुलूप कुठे घालायचं, रिमोटवर बटणं किती ठेवायची, हे ठरवणं तिचं काम. कंपनीने एक नवा टीव्ही घरी वापरून बघायला दिला. भिंतभर टीव्ही! चालू केला की मराठीत विचारायचा, ‘कोण बघतंय?’ आणि खाली पाच चौकोन.

“पयलो वांटो सातेरीचो,” बाबुरावांनी जाहीर केलं. नवा तांदूळ असो, पहिला फणस असो, त्या घरात आधी देवीचं काढून ठेवायचे. टीव्हीला वेगळा न्याय कशाला? पहिला चौकोन देवीचा झाला. दुसरा बाबुरावांचा. तिसरा थोरला सागर आणि गौरवी यांचा जोडीने. चौथा साईशचा. पाचवा बाबुरावांच्या बहिणीचा, जानकीआत्याचा, कारण तिच्या मालिका चुकल्या तर घरात कोणाला जेवण गोड लागलं नसतं. मग सगळ्यांना कुलपाची हौस आली. ज्याने त्याने आपापला पिन घातला. बाबुराव तर आपला पिन दुसऱ्याच दिवशी विसरले. पण तसं कबूल करतील तर ते बाबुराव कसले! “माका आरती पुरे,” म्हणत ते देवीच्याच खात्यावर गुजराण करू लागले. देवीला मात्र कुलूप घातलं नव्हतं. देवीला कसला पिन?

“आई, तुमचं?” गौरवीने तेव्हा विचारलं होतं.

“माका कित्याक गो? मी दारातसून बघतंय मगे,” असं म्हणून पार्वती उकळी फुटलेल्या आमटीकडे पळाली होती. विषय तिथेच संपला.

ती दारातूनच बघायची, हे खरं. खरं तर ऐकायचीच जास्त. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरातला टीव्ही तिने कानाने बघितला होता. फोडणीच्या आवाजात निम्मी वाक्यं बुडायची, तरी कोणत्या मालिकेतली सासू खाष्ट आहे ते ती आवाजावरून ओळखायची. बसून बघ, असं तिला कोणी म्हटलं नाही. बसू नको, असंही कोणी म्हटलं नव्हतं म्हणा.

मग एका दुपारी घर रिकामं होतं. सागर-गौरवी कामाला, साईश कॉलेजला, बाबुराव आणि आत्या घोरत पडलेले. पार्वतीने केर काढता काढता रिमोट उचलला. ‘कोण बघतंय?’ टीव्हीने विचारलं. चार चौकोनांना कुलूप. देवीचा उघडा. तिने मनात हात जोडले, बटण दाबलं आणि रिमोटच्या माइकात हळूच बोलली, “कबड्डी. बायकांची.”

कोल्हापूरकडच्या कुठल्याशा गावातला सामना लागला. पार्वतीच्या अंगावर सरसरून काटा आला. जमिनीवरच बसली ती, केरसुणी मांडीवर ठेवून. तेव्हापासून रोजची दुपार तिची झाली. टीव्ही मुका ठेवून बघायची. आवाज लागत नव्हताच तिला, दम घुमवणं तिच्या छातीतच चालायचं. पण बघितलेलं टीव्ही लक्षात ठेवतो आणि तसलंच पुढे आणून मांडतो, हे बिचारीला कुठून कळणार?

“मी फाल्यां देवळात जावन कौल लावतंय,” जानकीआत्याने निकाल दिला. “देवीच्या मनात काय आसा ता पाकळ्यो सांगतले.”

मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. त्या घरात सोयरिकीपासून विहिरीच्या जागेपर्यंत सगळं कौलावर ठरलेलं. पार्वती दारातून आत सरकली. आपल्या चोरट्या हौसेपायी देवीला कौल विचारायचा? आणि उजवी पाकळी पडली म्हणजे काय समजायचं? डावी पडली तर?

रात्रीच्या भाकऱ्या करताना गौरवी शेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, “आई, टीव्हीत वेळ दिसते. देवी दुपारीच बघते कबड्डी. आरत्या झोपल्यावर... म्हणजे आत्या झोपल्यावर.” आणि स्वतःच फिसकन हसली.

पार्वतीच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. “तू सांगतलंस?”

“मी कशाला सांगू? तुमची गोष्ट तुम्ही सांगायची.” गौरवीचा चेहरा मग जरा उतरला. “पाच चौकोन मीच ठरवले हो ऑफिसात. म्हटलं, घरात पाच माणसं धरली की झालं. आपलं घर मोजलं नाही मी.”

सकाळी जानकीआत्या नवी साडी नेसून तयार. हातात नारळ, परडीत फुलं. चपलेत पाय घालणार, तेवढ्यात पार्वती पडवीत आडवी उभी राहिली.

“वन्सं, कौल नको. ता मी बघतंय.”

“काय बघतंस वयनी?”

“कबड्डी. दुपारची. देवीचो काय एक संबंध नाय.”

पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, दिलेला उंडा पाव चहात बुडवून बसलेल्या बाबुरावांचा हात तसाच राहिला. उंडा विरघळून कपात पडला.

“कबड्डी? आणि तू? कित्याक?”

“खेळत होतंय म्हणान.” एकदा तोंड उघडल्यावर पार्वतीला थांबवेना. “इब्रामपूरच्या शाळेत. चढाईक माझ्यासारख्या चेडू पेडण्यात नव्हता. गोव्याच्या टीमीत नाव लागलेला. कानपूराक खेळूक जावचा होता, पिशवीसुदिक भरलेली. त्याच आठवड्यात तुमचो मामा सोयरीक घेवन इलो.”

“माका कोणी सांगूक नाय,” बाबुराव पुटपुटले.

“तुमी विचारूक नाय.”

मग साईशला चेव आला. “आये, उगाच थापा नको. माका टिपून दाखय!” आणि पडवीची पायरी ही मधली रेघ धरून तो अंगणात हात पसरून उभा राहिला.

पार्वतीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, अंगणातली माती कपाळाला लावली. “कबड्डी कबड्डी कबड्डी,” आवाज घुमायला लागला तशी शेजारची कुत्रीसुद्धा गप्प झाली. साईश डावीकडे झुकला, ती उजवीकडे. तो हसत हसत मागे सरला आणि त्याला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिचा पाय सपकन पुढे आला, पोटरीला लागला आणि ती वळून पायरीला हात लावून मोकळी! साईश तुळशीपाशी बसकण मारून आ वासून बघत राहिला.

“आउट!” जानकीआत्या किंचाळली आणि तिच्या हातातला नारळ सुटला तो थेट बाबुरावांच्या पायावर. एवढा हशा त्या अंगणात कधी पिकला नव्हता. पार्वतीला धाप लागली होती, गुडघा धरला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं. ते हसण्याचं की कशाचं, तिलाही कळलं नाही. खरं तर आनंदच झाला होता तिला, सरळ सरळ आनंद.

नारळ फुकट जाऊ नये म्हणून आत्या तो घेऊन देवळात गेलीच. “माफी मागान येतंय,” म्हणाली.

“कसली माफी?” पाय चोळत बाबुराव म्हणाले. “देवीक आवडूक नसता तर टीव्ही बंद पडलो आसतो.” मग आत जाऊन त्यांनी सुनेला हाक मारली. “गौरवी, माझा नाव काढ त्या चौकोनातला. हिचा घाल.”

“बाबा, तुमचं खातं...”

“माका खंय तो पिन याद आसा!” इतक्या दिवसांनी त्यांनी ते कबूल केलं, आणि तेही मोठ्याने.

गौरवीने नाव पुसलं, नवं घातलं. ‘पार्वती’. कुलूप घालू का, असं विचारलं. पार्वतीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “घाल. सगळ्यांका आसा मगे.”

रविवारी संध्याकाळी अंतिम सामना होता, थेट मैदानावरून. आरती झाली. टीव्हीने विचारलं, ‘कोण बघतंय?’ पार्वतीने पिन दाबला, आणि बसायला जमिनीकडे वाकली तर बाबुरावांनी आपलं कदेल पुढे सरकवलं. ती अवघडून काठावर बसली. मग हळूहळू मागे टेकली. आवाज पहिल्यांदाच मोठा केला.

चहा बाबुरावांनी केला. साखर जास्त, पण केला. तो तिच्या हातात देऊन ते मागे गेले आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

“गो, ह्या चौकटीक डाग कसलो? काळो, तेलकट. पुसलो तरी जाणा नाय.”

पार्वतीने वळून बघितलं. इतकी वर्षं त्या घरात राहून तिने ती चौकट समोरून कधी बघितलीच नव्हती. बाबुरावांच्या दंडापाशी, तिच्या खांद्याच्या उंचीवर, लाकूड काळंभोर गुळगुळीत झालं होतं.

“तो माझो,” ती म्हणाली. “मी थंय उबी ऱ्हवतंय मगे.”

बाबुरावांनी दंड चौकटीवरून काढून घेतला. डाग झाकणार नाही इतके बाजूला सरकून ते सरळ उभे राहिले, आणि विचारलं, “आता चढाई कोणाची?”