सहा स्टुलांची काठी

शेताच्या धुऱ्यावरून पाय घसरला आणि लोकेंद्र सुताराचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तोही नेमका सुशीलाबाईंच्या शिवणक्लासचे सहा स्टूल करायला घेतले होते तेव्हा. लाकूड रंधा मारून तयार होतं. दवनीवाड्यात दुसरा मिस्त्री शोधायचा, तर महिनाभर थांबावं लागलं असतं.

"मी कापतो," त्याची बायको भूमेश्वरी म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रंधा, करवत, पटाशी तिच्या हातात बसली होती. माप घेणं तेवढं लोकेंद्रकडे असायचं.

तो अंगणातल्या खाटेवर बसून आकडे सांगू लागला. त्याच्या टेपचं टोक कधीच तुटलेलं होतं, म्हणून तो नेहमी एक इंचापासून मोजायचा. अठरा इंच हवे असले की एकोणीसवर खूण. पहिले तीन पाय बरोबर झाले. चौथ्याच्या वेळी शेजारीण काहीतरी विचारायला आली, आणि भूमेश्वरीने अठरावरच करवत चालवली.

"एक इंच खाल्ला न वं!" लोकेंद्र ओरडला.

"तुमचा टेप खाते, मी नाही खात," ती म्हणाली आणि टेप गुंडाळून त्याच्या मांडीवर टाकला.

मग तिने नीट झालेला एक पाय घेतला, तो दुसऱ्या लाकडावर ठेवला आणि पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. सहा पाय झाल्यावर तिने ते भिंतीशी उभे केले, तर शेवटचा पहिल्यापेक्षा चांगला दोन सूत, म्हणजे पाव इंच उंच. ती चक्रावली.

लोकेंद्र खाटेवरून उठून आला. "दरवेळी पेन्सिलीची जाडी वाढून राहिली. पहिल्यावरूनच सगळे कर. नक्कलची नक्कल नको करू."

"आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं?"

पहिल्यावरूनच करायचं, हे तिला पटलं. पण तो पहिला पाय तर स्टुलात बसवायचा होता, मग पुढच्या खुणा कशावरून करायच्या? तिने सागाची काठीसारखी एक अरुंद पट्टी घेतली. एका टोकाला छोटा ठोकळा ठोकला, म्हणजे लाकूड तिथे टेकून राहील. पट्टीवर चाकूने बारीक रेघा पाडल्या. ही पायाची उंची, इथे आडव्या दांडीचं भोक, इथे दुसरं. आकडा एकही नाही. पेन्सिल बाजूला ठेवून ती लाकडावरही चाकूनेच खुणा करू लागली.

दोन दिवसांत उरलेले पाय झाले. जास्त उंच पाय तिने पट्टीशी लावून कमी केले. चौकट जोडताना मात्र तिने स्वतःहून विचारलं, "हे काटकोनात आहे का नाही, कसं कळंल?"

"सुतळी घे. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताण. मग उलटी. सारखी आली तर बरोबर."

उलटी ताणली तेव्हा सुतळी पहिल्यांदा बोटभर कमी पडली. तिने चौकट हाताने थोडी दाबली, पुन्हा ताणली. सारखी आली. तशीच घट्ट धरून तिने खिळे ठोकले.

शनिवारी सुशीलाबाई आल्या. अंगण सिमेंटचं होतं, त्यावर सहाही स्टूल मांडले. त्या जाड बाई. एकेकावर बसून मुद्दाम डावी-उजवीकडे हलल्या. एकही डुगडुगला नाही.

"मिस्त्री, हाताले प्लास्टर असून काम चांगलं केलं जी तुमी," त्या म्हणाल्या.

लोकेंद्रने भूमेश्वरीकडे पाहिलं. "मिस्त्री ही आहे. मी खाटेवरून ओरडून राहिलो होतो फक्त."

सुशीलाबाई हसल्या आणि कापड कापायच्या टेबलाचं काय, म्हणून विचारू लागल्या. भूमेश्वरी चहा ठेवायला आत जाता जाता म्हणाली, "क्लासमध्ये येऊन पाहतो, उद्या सकाळी."

लोकेंद्र खाटेवरच्या टेपकडे हात नेत होता. ते दारातून दिसताच तिने आतूनच आवाज दिला, "तो राहू द्या. एक लांब पट्टी काढून ठेवा."