पाणवारं

गुरुवारी सकाळचे दहाही वाजले नव्हते, तोच येलदरी रस्त्यावरच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जिंतुरातून जीपगाड्या आल्या होत्या, सेलूकडून दोन टेम्पो भरून बाया आल्या होत्या, आणि नारळ-लिंबाच्या दुकानांपुढे लग्नसराईसारखी झुंबड उडाली होती. लोकांच्या अंगातलं वारं पकडून झोळीत भरणारे बन्सीधर महाराज आज दरबार भरवणार होते.

"वारं तीन परकारचं असतंय, मायबापहो!" महाराज माइकमधून गरजले. "उभं वारं, आडवं वारं आन पाणवारं! उभं डोस्क्यात शिरतंय, आडवं पोटात. आन पाणवारं? ते कुठं शिरायलंय हे त्यालाबी ठाऊक नसतंय, म्हून तर ते लय अवघड!"

लोकांनी माना डोलावल्या. ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही तिला आधी मान डोलवायची, ही आपली जुनी खोड.

महाराजांपुढे राजेश्री बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, एसटीत कंडक्टर. पाच वर्षं येलदरीच्या गाडीवर तिनं भल्याभल्या टोळभैरवांना सरळ केलं होतं. आज मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला इथं आणलं होतं तिच्याच गाडीच्या ड्रायव्हरनं, सटवाजीमामानं. मामाला बुवाबाजीचं प्रेम नव्हतं, पण पोरीचे हाल त्याला बघवत नव्हते.

"बोल माज्यासंगं, लेकी! फू-हा! फू-हा! आनखी जोरात! वारं भेलं पायजे!"

चेल्यांनी झांजा धरल्या आणि ठेका वाढवत नेला. राजेश्री जीव तोडून फू-हा करत राहिली. दीड-दोन मिनिटांत तिचे ओठ बधिर झाले, हातापायांना मुंग्या आल्या, मंडप गरगर फिरू लागला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिच्या दोन्ही हातांची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठे आत वळले, मनगटं वाकली. कासारापुढे बांगड्या भरायला हात करावा, अगदी तसे.

"बगा! बगा!" महाराज ओरडले. "बांगड्या मागायलीय! नवरी हाय ही, पूर्णेत बुडालेली नवरी! हिरवा चुडा पायजे तिला!"

मंडपाच्या अंगावर काटा आला. बाया पदर तोंडाला लावून मागे सरकल्या. राजेश्रीनं बोटं उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेनात. तिला रडू फुटलं.

महाराजांनी भगव्या मेणकापडाची झोळी तिच्या नाकातोंडावर घट्ट धरली. "ये नवरे, झोळीत ये!" राजेश्रीला त्या झोळीतच श्वास सोडावा लागला आणि तोच पुन्हा घ्यावा लागला. तीन-चार मिनिटांत बोटं सैल पडली. महाराजांनी झोळीला गाठ मारली आणि ती हलवून दाखवली. हलवल्यावर कुठलीही झोळी हलते, पण जयजयकाराच्या गलक्यात हे सांगायचं कुणाला?

"चौदा गुरुवार यायचं. गळ्यात बांधतोय तो तावीज काढायचा न्हाई. आन वाहतं पाणी वलांडायचं न्हाई. वलांडलंस तर पुढचं मी सांगत न्हाई!"

धमकी देताना पुढचं न सांगणं हे या धंद्यातलं मोठं कसब आहे.

राजेश्रीचं हे सगळं सुरू झालं चार महिन्यांपूर्वी, पूर्णेच्या पुलावर. गाडी खच्चून भरलेली, ऊन मी म्हणत होतं, आदल्या आठवड्यात तिची झोप नीट झालेली नव्हती. पुलाच्या मध्यावर तिच्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. श्वास पुरेना. आता आपण मरणार, हे तिला इतकं स्पष्ट वाटलं की तिनं घंटी ओढून गाडी थांबवली आणि खाली उतरून रस्त्यावर बसली. परभणीला तपासण्या झाल्या. हृदयाचा आलेख चांगला, रक्त चांगलं. "काही नाही, टेन्शन आहे," असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. पुढच्या आठवड्यात त्या "काही नाही"नं तिला पुन्हा त्याच पुलावर गाठलं. बिचारीला आजाराचं नाव हवं होतं. दवाखान्यानं ते दिलं नाही, महाराजांनी चटकन दिलं: पाणवारं.

तावीज बांधल्यावर पहिले चार दिवस बरे गेले. मग वाहतं पाणी नको म्हणून पूल सुटला, पूल सुटला म्हणून येलदरीची गाडी सुटली, आणि पुढं ओढ्यावरची फरशी ओलांडायलाही पाय धजेना. महिन्याभरात राजेश्रीची धाव अंगणापर्यंत आली. डेपोचं पत्र आलं: पुढच्या महिन्याच्या एक तारखेला कामावर हजर व्हा, नाहीतर कारवाई होईल. नोकरी गेली असती तर पाच वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहिलेली ही बाई पुन्हा भावाच्या दारात बसली असती, हे तिला झोपेतही ठाऊक होतं.

तिच्या गाडीनं रोज पासवर येणारी बबिता तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक होती. आपली कंडक्टर दिसत नाही म्हणून तिनं सटवाजीमामाला विचारलं आणि थेट घरी आली.

"मॅडम, माझ्या अंगात वारं येतंय," राजेश्री म्हणाली.

"किती येतंय?"

"म्हंजे?"

"वारं म्हंजे हवाच की, ताई. भरल्या गाडीत माणसं मोजता तुमी. मग तरास व्हायलाय तवा मिनिटाला किती श्वास घेता, ते कधी मोजलं न्हाई व्हय?"

राजेश्रीनं फाईल काढून पुढं केली. बबितानं तिचे दवाखान्याचे कागद वाचले, दमा किंवा फिटचा त्रास नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "आता माझ्यासंगं फू-हा करा. झांजा नकोत. तुमी माझे श्वास मोजा, मी तुमचे."

दोघींनी सुरुवात केली. दोन मिनिटं झाली असतील. मिनिटाला बेचाळीस, राजेश्रीनं मोजले. एरवी माणूस बारा-पंधरा घेतो. राजेश्रीची बोटं वळलीच, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं. ती बबिताच्या हाताकडं डोळे फाडून बघत होती. बबिताचेही हात कासारापुढे करावेत तसे झाले होते.

"हे बगा," बबिता जड जिभेनं हसली, "मलाबी बांगड्या पायजेत!"

मग तिनं समजावून सांगितलं. फार जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्यानं नसा चाळवतात, मुंग्या येतात, बोटं आखडतात. तोंडावर झोळी धरली की सोडलेली हवाच परत आत जाते आणि बोटं सुटतात. जुने दवाखाने यासाठी कागदी पिशवी वापरायचे. आता डॉक्टर तसं करू नका म्हणतात, कारण धाप खरोखरच्या आजारानंही लागलेली असू शकते.

"पण पुलावर कुठं फू-हा केलं होतं मी?"

"भीतीनं केलं. धडधडलं, तुमाला वाटलं मेले. भेल्यावर श्वास वाढला, श्वासानं मुंग्या आल्या, मुंग्यांनी भेव आनखी वाढलं. संशोधकांनी शेकडो लोकांना मुद्दाम असा श्वास घ्यायला लावून बघितलंय. गरगर, मुंग्या कुणालाबी येतात. पण 'आता मी मरतो' असं ज्याला वाटतंय, त्यालाच झटका येतो. याला पॅनिक म्हणतात. हा आजार हाय आन त्याच्यावर इलाज हाय."

"तावीज काढू?"

"तावीज हाय तवर तुमाला वाटणार, मी ताविजानं वाचले. पूल टाळला की वाटणार, टाळलं म्हून वाचले. नुसत्या भीतीनं कुणी मरत न्हाई, हे बघायची संधीच सोताला देत न्हाई तुमी."

इलाज ऐकायला सोपा होता, करायला कठीण. रोज मुद्दाम धाप लावायची, खुर्चीवर गरगर फिरायचं, जिना चढून धडधड आणायची, आणि काहीही न करता ती उतरेपर्यंत बसून राहायचं. पहिल्या दिवशी राजेश्री रडली, तिसऱ्या दिवशी बबितावर चिडली. दहाव्या दिवशी तिनं गळ्यातला तावीज स्वतः काढला. मग ओढ्यावरची फरशी, मग सटवाजीमामाच्या उभ्या गाडीत बसणं, मग जिंतुरापर्यंत प्रवास. पूल अजून बाकी होता.

त्याआधी तिला महाराजांकडं जायचं होतं. "माझं झालं मॅडम, पण तिथं अजून कितीजणी हायत!"

त्या गुरुवारी मंडपात पुढंच कमलबाई नावाची बाई आपल्या दहावीतल्या मुलीला, भक्तीला, घेऊन बसली होती. तिलाही पाणवारं सांगून, शाळेच्या वाटेवर कालवा लागतो म्हणून महाराजांनी तिची शाळा बंद करवली होती. राजेश्रीचं नाव पुकारलं गेलं. झांजा सुरू झाल्या. राजेश्री मात्र सावकाश श्वास घेत, हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"जोरात, लेकी! फू-हा!"

"वारं आज न्हाई आलं, महाराज."

"भेलंय ते मला!"

"मंग एक करू. आबासाहेबांना करू द्या फू-हा. त्यांच्या अंगात तर न्हाई ना यायचं?"

आबासाहेब म्हणजे सरपंच. मंडपाला जागा त्यांचीच. हाताएवढ्या मिशा, पहिल्या रांगेत खुर्ची. महाराज घाईघाईनं म्हणाले, "न्हाई, न्हाई, सरपंचांनी न्हाई!" पण लोक हसले, आणि आबासाहेबांच्या मिशांना ते झोंबलं. ते मंचावर चढले. राजेश्रीसोबत आलेल्या बबितानं पुढं होऊन हृदयाचं, दम्याचं, फिटचं दुखणं नाही ना, ते विचारून घेतलं. "आमाला काय धाड भरलीय?" आबासाहेब म्हणाले आणि फू-हा करू लागले. चेल्यांना काय कळणार! त्यांनी सवयीनं ठेका वाढवला.

दोन मिनिटांत सरपंचांचे दोन्ही पंजे ताठ होऊन वळले.

"अगं बया!" मागून एक म्हातारी ओरडली. "आबासाहेब चुडा मागायलेत!"

मंडप खदखदून हसला. आबासाहेब घाबरेघुबरे झाले. "ए बन्सी! माज्या अंगात नवरी शिरली का रं?"

महाराजांची पुरती पंचाईत झाली. हो म्हणावं तर जागेचा मालक खवळणार, नाही म्हणावं तर दुकान बंद. "हे... हे आडवं वारं हाय," ते पुटपुटले आणि झोळीकडं वळले.

"झोळी राहू द्या," बबिता म्हणाली. "आबासाहेब, नेहमीसारखा श्वास घ्या आन नुस्तं बसा. आपोआप सुटतंय."

सगळा मंडप सरपंचांच्या बोटांकडं बघत राहिला. चार-पाच मिनिटांनी ती सुटली. झोळी नाही, लिंबू नाही, मंत्र नाही. मग राजेश्रीनं माइक हातात घेतला आणि जे बबितानं तिला सांगितलं होतं ते गाडीत थांबे सांगावेत तशा खणखणीत आवाजात सांगितलं. ती बोलत असतानाच महाराज मागच्या बाजूनं उतरून निघून गेले.

पुढं कळलं की हे महाराज बारा वर्षं एका डॉक्टरकडं कंपाउंडर होते. कागदी पिशवीची करामत तिथंच शिकले आणि पिशवी भगवी करून घेतली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली पहिली तक्रार आबासाहेबांनीच दिली. विवेक जागा झाला म्हणून दिली असं म्हणायला जीभ रेटत नाही. बांगड्यांचा राग होता. तरी दिली, हे बरं केलं.

एक तारखेला राजेश्री ड्यूटीवर चढली. गाडीत भक्ती आणि कमलबाई होत्या, दवाखान्यात निघालेल्या. पुलावर चाकं गेली आणि राजेश्रीचं काळीज धडधडू लागलं, अगदी पहिल्या दिवशीसारखं. आरशातून सटवाजीमामानं तिचा चेहरा बघितला. "थांबवू का, पोरी?"

"न्हाई मामा. धडधडायलंय, धडधडू द्या. तुमी चालवा."

तिच्या कपाळावर घाम होता, तरी ती तिकिटं काढत राहिली. भक्ती हे सगळं टक लावून बघत होती. पूल संपला, तेव्हाही राजेश्री उभीच होती.

वाचकहो, भीती खोटी नसते. छातीतली धडधडही खरीच असते. आधी डॉक्टरकडून शरीर तपासून घ्या. त्यांनी "काही नाही" म्हटलं, तर तेवढ्यावर घरी येऊ नका, मनाच्या डॉक्टरचा पत्ता विचारा. आणि जो कुणी तुमचा पूल, तुमची गाडी, तुमच्या लेकीची शाळा बंद करायला सांगेल, तो बरं करायला बसलेला नाही. त्याच्यापुढून उठा आणि लेकीला हाताला धरून शाळेत पोचवा.