चाळीस रेघांचा मोगरा

तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? रोज सकाळी घागर ओतणाऱ्यावर, की चाळीस दिवस पाण्याचा थेंबही न देणाऱ्यावर? काट्यांचं कुंपण घालून जपणाऱ्यावर, की ते कुंपण तुडवून आत घुसणाऱ्या शेळीवर? घाई नाही. आधी माझी हकिकत ऐका, मग सांगा.

मी मोगरा बोलतोय. रेवदंड्याला बाजारातून कोळीवाड्याकडे वाट उतरते, त्या वाटेवर दयाराम शेटचं किराणा दुकान. दुकानाला लागून मागे घर, घरामागे परसदार, आणि परसदारी विहिरीपासून चार पावलांवर मी. दुकानाची मागची खिडकी माझ्या डोक्यावरच उघडते. बोलणं मी त्या खिडकीखाली उभ्याउभ्या शिकलो, शाळा कसली ती नाहीच. शेटचंही तसंच. पुड्या बांधायच्या रद्दीवरची अक्षरं लावत लावत तो वाचायला शिकला. तेव्हा माझ्या बोलण्यात मधूनच तराजूचा खणखणाट ऐकू आला तर चालवून घ्या.

मूळचा मी दिघीचा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, पौषात, दयाराम शेट सुपारी घ्यायला तिकडे गेला होता. सौदा फिसकटला. शेट वहाणा घालायला लागला तशी बागाईतदाराची म्हातारी म्हणाली, "रिकाम्या हातानं घरी जाशील तर बायको दारातनं आत घेणार न्हाय." आणि तिने मातीत दाबून मुळं फुटलेली एक फांदी तोडून त्याच्या हातात ठेवली. ती फांदी म्हणजे मी. केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळलेला. होडीतून खाडी ओलांडताना एक बाई सुक्या बोंबलांचं गाठोडं माझ्यावरच ठेवून बसली. शेटने मला ओढून काढलं आणि आगरदांड्यापर्यंत तान्ह्या पोरासारखं मांडीवर धरलं. पुढे मुरूड, मग साळावची खाडी, मग घर.

"सुपारी आणायला गेलात आणि काटकी घेऊन आलात?" केसर म्हणाली.

केसर म्हणजे शेटची बायको. चौलच्या वाडीतली मुलगी, झाडापेडांत वाढलेली. तोंडाने काटकी म्हणाली खरी, पण काळोख पडायच्या आत तिने खड्डा खणून मला उभा केला होता.

आता कामाचं सांगतो. दरवर्षी पौषात शेट खरेदीला बाहेर पडे. नवे तांदूळ, सुपारी, नारळ. गावोगाव फिरून दीड-पावणेदोन महिन्यांनी परत येई. तो गेला की त्याच दिवशी केसर माझं पाणी तोडी. रोज एक कोळशाची रेघ मागच्या दाराशेजारी भिंतीवर ओढी. पंचविसावी रेघ झाली की माझा पाला खुडून काढी, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना ऊन दाखवी. मी नुसता काटक्यांचा सापळा उरत असे. तहान तर अशी लागे की विहिरीत घागर बुडाल्याचा आवाज आला तरी जीव कासावीस व्हावा.

"रागावू नको हां," ती हळूच म्हणायची. "आत्ता दिलं तर नुसता पाला होशील. फूल तहानेवर धरतं."

चाळिसावी रेघ ओढली की शेणखत आणि पहिली घागर. आठ दिवसांत माझ्या सगळ्या अंगावर कोंब. शेट घरी येई तेव्हा केसर मला पाणी घालत असे, एवढंच तो बघे. मग वैशाखात गिऱ्हाइकाला सांगत सुटे, "आमच्या केसरच्या हाताला पाण्याची बरकत हाय. ओतलं की फुललं!"

एकदा मात्र तो लवकर परतला. मला पाहून ओरडलाच. "अगो, ह्याची वाट कुणी लावली?"

केसरने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "शेळी शिरली होती," ती म्हणाली.

"आन ह्या रेघा?"

"दुधाचा रतीब."

शेट आत गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन तोंडाला पदर लावून हसली. "बाजारातलं सगळं ह्यांना कळतं," म्हणाली. "एक तरी न कळू दे. वैशाखात कसं तोंड उघडं टाकून बघत राहतात!"

त्या शेळीवर शेटने जन्मभराचा राग धरला. रेघांचं तो विसरून गेला.

आणि वैशाख! विहिरीचं पाणी तळाला जाऊन मचूळ व्हायचं. कोंबड्या चोची उघड्या टाकून कुडाच्या सावलीला पडायच्या. जास्वंद सकाळी मोठ्या तोऱ्यात उमले आणि उन्हं उतरता उतरता मिटून लोंबू लागे. गुलबक्षी तर चार वाजल्याशिवाय उठायचंच नाव घेत नसे. अबोली मुकाट्याने आपलं काम करी. आणि दिवेलागणीला, वारा खाडीवरून फिरला की, मी एकदम उघडायचो. दुकानातलं गिऱ्हाईक मीठ मागायचं विसरून विचारी, "शेट, हा वास कुठला?"

पहिली ओंजळ देवाला, दुसरा गजरा केसरच्या अंबाड्यात आणि तिसरी वेणी गोदूबाईची. गोदूबाई कोळीण म्हावऱ्याची पाटी घेऊन रोज या वाटेने बाजारात जाई. वेणी माळता माळता म्हणायची, "केसरबाय, पाटीला म्हावऱ्याचा वास, डोक्याला मोगऱ्याचा. गिऱ्हाइकाला कळतच न्हाय मी काय इकतंय!"

अशी अकरा वर्षं गेली. एकोणसाठच्या भाद्रपदात केसरला ताप भरला आणि नवव्या दिवशी ती गेली. आपलं गुपित ती बरोबर घेऊन गेली. सांगायचं राहून गेलं म्हणा, की सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसेल म्हणा.

त्या वर्षी शेट खरेदीला गेला नाही. पौषात तो पहिल्यांदाच घरी होता, आणि दुकानात मन लागेना म्हणून माझ्याकडे येऊन बसत होता. रोज सकाळी घागर. बोरीच्या काट्यांचं कुंपण, शेळी येऊ नये म्हणून. गोदूबाईकडून सुक्या मासळीचा चुरा आणून तोही मुळाशी घातला. "केसर घालायची त्यापरीस जास्तच घालतोय मी," तो मला सांगे. "कमी पडू द्यायचा न्हाय."

माझी काय दशा झाली असेल! ओरडून सांगावंसं वाटे, शेट, थांब, हात आवर. पण आम्हा झाडांना बोलायला एकच तोंड, फुलाचं, आणि तेच त्याच्या घागरीने बंद झालेलं. मी पानांनी नुसता फोफावलो. वैशाखात सात फुलं आली, तीही पानांत दडलेली. त्याने ती एकेक शोधून काढली आणि सातही केसरच्या तसबिरीला वाहिली. गोदूबाई कुंपणाशी थांबली आणि काही न मागता पुढे गेली.

त्या गणपतीला त्यांची मुलगी काशी मुंबईहून आली. नवऱ्याची नोकरी तिकडे, परळला दोन खोल्या.

"बाबा, इथे एकट्याने किती दिवस काढणार? चला की आमच्याकडे."

"एकटा कुठं? मोगरा हाय."

"झाड म्हणजे माणूस का?"

शेट म्हणाला, "काशी, सौदा करू. येत्या वैशाखात ह्यानं एक ओंजळ कळ्या दिल्या तर तुझी आई ह्या परसात हाय असं मी समजेन आन हितंच ऱ्हाईन. न्हाय दिल्या तर टाळं लावून तुझ्या मागं येतो. मग तू म्हणशील तसं."

हे बोलणं माझ्या पुढ्यात झालं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

दिवाळीला त्याने घराला चुना काढला. मागच्या दाराशेजारचा हातभर चौकोन मात्र तसाच सोडला. "केसरचा हात हाय त्यावर," रंगाऱ्याला म्हणाला. वर्षावर्षाच्या रेघा, चाळीस चाळीसच्या ओळी. सगळ्या बाजाराच्या वह्या वाचणारा माणूस तो. रोज सकाळी भरली घागर घेऊन त्या रेघांसमोरूनच यायचा, त्यांच्यावरून हात फिरवायचा आणि ती घागर माझ्यावर ओतायचा. आता एक नाही, दोन. राहायची फार इच्छा होती ना त्याची!

एकसष्टचा वैशाख आला. एक कळी नाही. अक्षय तृतीयेला सकाळी त्याने कंदील लावून, हो, दिवसाउजेडी कंदील लावून, माझं पान न् पान उलटून पाहिलं. गोदूबाई पाटी खाली ठेवून बघत उभी होती.

"शेट, झाड रुसतं एखाद वरीस."

"दोन झाली, गोदूबाय."

"मंग तिसरं बघा की."

"शब्द दिलाय पोरीला." त्याने कंदील विझवला. "तिच्यामागनं हाही गेला. मुळाशी मीच कमी पडलो असणार."

पाऊस लागायच्या आत दुकान आवरलं. जायच्या दिवशी त्याने शेवटची घागर घातली, रिकामी घागर विहिरीच्या कठड्यावर उपडी ठेवली, मागच्या दाराला कुलूप घातलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मला वाटलं, मागे वळेल. वळला नाही.

एकटेपणा काय असतो ते मला तेव्हा कळलं. खिडकी बंद, त्यामुळे कानावर शब्द पडेना. श्रावणात एका वादळात कुंपण आडवं झालं, ते उभं करायला कुणी नाही. गणपतीत शेजारी आरत्या, इथे कुलपाला गंज. मार्गशीर्षापर्यंत जमिनीतली ओल गेली. पौष लागला. मी सवयीने दाराकडे बघत होतो, रेघ ओढायला कुणी येईल म्हणून. तहान तीच होती हो, पण केसरच्या वेळी तहानेला शेवट असायचा. चाळिसावी रेघ यायचीच. या तहानेचे दिवस कोण मोजणार?

आणि एका दुपारी खरंच शेळ्या आल्या. तीन. आडव्या कुंपणावरून आत शिरल्या आणि माझं पान न् पान ओरबाडून खाऊन गेल्या. त्यांच्या खुरांनी बुंध्याची माती उकरली गेली. मी पुन्हा काटक्यांचा सापळा.

माघ संपत आला तेव्हा बाजारातून परतताना गोदूबाई थबकली. "अगं बाय, मेला ह्यो!" म्हणाली. रिकामी पाटी घेऊन ती आत आली, विहिरीवर घागर सुलटी केली, पाणी ओढून पाटी विसळली आणि ते म्हावऱ्याचं पाणी माझ्या मुळाशी टाकलं. मग एक घागर नुसत्या पाण्याची. "केसरबायच्या नावाची," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच.

आठव्या दिवशी कोंब आले.

बासष्टचा हा वैशाख. असा मी कधी फुललो नव्हतो. पण अंबाडा नाही, देव्हारा कुलपात, तोंड उघडं टाकून बघणारा दूर परळला. रात्रभर फुलून सकाळी जमिनीवर पांढरा सडा, आणि त्याच्यावर ऊन. गोदूबाईने पहिल्या दिवशी वेणी केली, पण माळायला हात वर गेला आणि तसाच खाली आला. तिने कळ्या केळीच्या सोपटात बांधल्या आणि तिचा दीर बाळाजी सुकी मासळी घेऊन मुंबईला निघाला होता, त्याच्याकडे दिल्या. "शेटच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या न्हाय."

चार दिवसांनी बाळाजी परतला. गोदूबाई मला पाणी घालत होती तिथेच येऊन तिला सांगू लागला.

"दिल्या, वैनी. पुडी सोडली, हुंगली. मला इचारतो, पाणी कोण घालतंय? मी म्हनलं, पौषात कोन न्हाय, माघापासनं आमची वैनी. मंग म्हनतो, कुंपण? म्हनलं, ते कवाच पडलं, शेळ्यांनी पार बोडका केला व्हता. तवा शेट बोटं मोजाय लागला. मोजता मोजता हसला आन म्हनतो, 'दुधाचा रतीब पौषातच कसा रं असंल, बाळाजी? शेळी कवा आलीच न्हवती!'"

"कुठली शेळी?"

"मला काय ठावं! हसत व्हता आन डोळं पुसत व्हता."

"येनार हाय का?"

"ते न्हाय बोलला. म्हनला, कुंपण उभं करू नका."

एवढंच. त्याला पंधरा दिवस झाले. आता ज्येष्ठ तोंडावर आलाय, शेवटच्या कळ्या उरल्यात. कुलूप आहे तिथेच आहे. येत्या पौषात कुणी रेघ ओढेल की नाही, मला ठाऊक नाही.

तुम्ही या वाटेने जाल तर आत डोकावा. मागच्या दाराशेजारी चुन्यात सोडलेला चौकोन दिसेल. हिशेब मांडावासा वाटला तर एवढी विनंती, खरा मांडा. दयाराम शेटच्या घागरी जमेला धरा; मायेनेच घातल्या होत्या त्याने. गोदूबाईचं पाणी जमेला धरा, पाटीच्या वासासकट. शेळीच्या नावावर काही लिहू नका, तिने आपलं पोट भरलं. आणि केसरच्या रेघा मोजाल तेव्हा त्या नावे टाकू नका. त्याही जमेच्याच. दर साल चाळीस. एकही कमी धरू नका.