बेबाबाईच्या निंबाचं दूध

दर मंगळवारी बेबाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. चोपड्याजवळच्या त्या गावात तिच्या जुन्या निंबाच्या खोडातून दूध पाझरायचं आणि वना भगत घंटा बडवत ओरडायचा, "माय पान्हावनी! बठ्ठा हात जोडा! मूळव्याध, मुतखडा, कोर्टातला खटला, एका थेंबात साफ!"

भिंतीपलीकडे कोकिळा धुमसत होती. हाच निंब तिच्या स्वयंपाकघरावर झुकलेला. उन्हाळ्याच्या वादळात फांदी कोसळून पत्रे चेपले, चुलीपाशी बसलेली सून थोडक्यात वाचली. झाड तोडा, अशी नोटीसही पंचायतीनं बेबाबाईला दिली. तेवढ्यात दूध निघालं. आता देवीला कुऱ्हाड कोण लावणार?

पण खरं सांगायचं तर कोकिळेला हल्ली पत्र्यांपेक्षा बेबाबाईला चढाव्यात मिळालेल्या नव्या साड्याच जास्त खुपत. परवापर्यंत आपल्याकडून विरजण मागून नेणारी बाई! आता गावातले वडीलधारे झुलाल आबासुद्धा तिच्या पाया पडतात! फांद्या माझ्या घरावर, पाचोळा मी झाडायचा, आणि पान्हा तेवढा तिकडे?

एका मंगळवारी तिला राहवलं नाही. आपल्याही बाजूला एखादी धार असेल म्हणून तांब्या घेऊन ती शिडीनं पत्र्यावर चढली. फांदी फुटते तिथल्या ढोलीवर लाल फडकं बांधलेलं होतं. तिनं ते ओढलं. आत दुधाची किटली! किटलीतून सलाईनची नळी खाली खोडाच्या भेगेत गेलेली.

वनानं खालून पाहिलं. मंत्र अर्धाच टाकून तो भिंतीवर चढला आणि कुजबुजला, "कोकिळाअक्का, बोलू नको. पुढला मंगळवारी एक नळी तुना बाजूले सोडस. तुना दारशी बी गर्दी व्हई."

साड्या तिच्या डोळ्यांपुढून सरसर गेल्या. तोल सावरायला तिनं ढोलीचा काठ धरला, तर लाकूड भुग्यासारखं ढासळलं आणि हात कोपरापर्यंत आत गेला. बरोबर खाली सुनेची चूल होती. भाकरीचा वास वर येत होता.

तिनं नळीला गाठ मारली. खाली धार थांबली. मग किटली उंच धरून ती ओरडली, "देखा तुमनी माय!"

गर्दीच्या माना वर वळल्या. बेबाबाईचा चेहरा उतरला, तरी कोकिळा आपल्यावर जळते म्हणून ती किंचाळलीच, "जयस तू मनावर!"

"हां, जयस!" कोकिळा म्हणाली. "जयत व्हतू म्हनीसन चढनू. पन तुम्ही बठ्ठा तं जयत नव्हतात ना? मंग झाडमातून दूध कसं येस, हाई एकनी बी वर चढीसन का नही देखं?"

झुलाल आबांनीच दुसऱ्या सकाळी कुऱ्हाडवाले बोलावले. निंब आडवा झाला तेव्हा खोडात माणूस उभा राहील एवढी पोकळी निघाली.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो कसा होतो ते बघावं. त्यासाठी मन फार निर्मळ लागतं असं नाही. डोळे उघडे असले की पुरे.