डाव्या हाताचं रक्त

परशुराम शेवंतीला मारत होता, तेवढ्यात त्याला रक्ताची उलटी झाली.

बासष्ट सालचा मे महिना होता. तळेऱ्याच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेत त्यांचं घर. परशुराम शेतात दोन माणसांचं काम एकटा ओढायचा आणि घरात त्याच जोरानं बायकोला मारायचा. पोटात दुखू लागल्यापासून त्याचा हात जास्तच सुटला होता. अन्न ठरायचं नाही, अंगावरचं मांस झडत चाललेलं. घास उलटला की तो ताट भिंतीवर भिरकावी आणि शेवंतीला धरी. त्या दिवशी पेज गरम होती, एवढंच निमित्त झालं. त्यानं बैल हाकायची काठी उचलली. डोकं वाचवायला तिनं उजवा हात वर केला, तर काठी हातावर बसली, आणि पुन्हा तिथंच बसली. पुढच्या वेळी उगारलेली काठी खाली आलीच नाही. तो वाकला आणि पडवीभर काळपट रक्त ओकून त्यातच आडवा झाला.

शेवंती भिंतीला टेकून बघत राहिली. ती लगेच उठली नाही. मुलगी सुगंधा विहिरीवरून धावत आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "काकाक बोलव."

परशुरामाचा धाकटा भाऊ गणपत शेजारीच राहायचा. त्यानं नाक्यावर आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालेला ट्रक थांबवला. फोंडाघाट चढताना परशुरामाचं डोकं शेवंतीच्या मांडीवर होतं. एका कळेसरशी त्यानं तिच्या मांडीत दात रुतवले. तिनं त्याचे केस धरून डोकं मागे ओढलं आणि घाट संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

कोल्हापूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी गणपतला समजावून सांगितलं. जठरात कॅन्सरची गाठ होती, जठराचा बराचसा भाग कापून काढावा लागणार होता. पण अंगातलं रक्त इतकं गेलं होतं की बाहेरून रक्त दिल्याशिवाय ते टेबलावर घ्यायला तयार नव्हते. गणपत आणि शेवंती दोघांचंही रक्त तपासलं. दोघांचंही जुळलं. गणपत म्हणाला, पान खाऊन येतो. तो फाटकाबाहेर गेला, आणि वॉर्डबॉय त्याला शोधायला गेला तेव्हा तो स्टँडवरून गाडी धरून निघूनही गेला होता.

मग शेवंतीला खाटेवर निजवलं. डॉक्टरांनी तिच्या उजव्या हातावरचा पदर बाजूला केला आणि ते थांबले. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा होऊन फुगला होता. शीर कुठेच सापडेना.

"हे कसं झालं, बाई?"

पडले, असं सांगायची तिला सवय होती. त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही.

"जेका रगत देतंय, तेनाच मारल्यान," ती म्हणाली. "ह्या हाताचा घेवा." आणि तिनं डावा हात पुढे केला.

द्यायचं नसेल तर नाही म्हणा, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. तिनं हात मागे घेतला नाही, डोळे मिटून घेतले.

परशुराम जगला. पोटावर उभा व्रण घेऊन आणि निम्म्या अंगानं तो पावसाळ्यात घरी आला. गणपत आधीच गावात पोचला होता आणि रक्त आपण दिलं म्हणून सांगत सुटला होता. परशुरामानं त्याला मिठी मारली. खालच्या बागेतला काजू पुढच्या हंगामापासून गणपतनंच काढायचा, असं त्यानं चारचौघांत सांगितलं. शेवंती बोलली नाही. नवऱ्याला भावाचे उपकार वाटत होते तोवर घर शांत होतं, आणि मोडलेलं अंग भरून यायला तिलाही ती शांतता हवी होती.

पुढच्या वर्षी तपासणीसाठी दोघं कोल्हापूरला गेली. जुनी नर्स शेवंतीला बघून हसली आणि परशुरामाला म्हणाली, "ह्यांनीच वाचवलं तुम्हाला. भाऊ पळाला होता तुमचा."

घरी येताच परशुरामानं आढ्याला खोचलेला कोयता काढला. गणपत शेजारी आपल्या अंगणात आंघोळ करत होता. पहिला घाव त्याच्या खांद्यात बसला, दुसरा तो पळाला म्हणून दगडावर. दगडावर ठिणग्या उडाल्या. गणपत उघड्या अंगानं, रक्त गाळत शेतांतून धावत सुटला.

परशुराम तसाच घरी वळला. शेवंती दारात उभी होती.

"कोणाक इचारून दिलंस?" तो ओरडला. "बायलेच्या रगतार जगतंय मी? गावान हसाचा?"

त्यानं कोयता उगारला. शेवंतीनं त्याचं मनगट धरलं. ते तिच्या मुठीत सहज मावलं. तिनं पिळलं तसा कोयता खाली पडला. तिनं त्याला पायरीवरून अंगणात ढकललं, छातीवर बसली आणि त्याच्या तोंडात मारली. मग मारतच राहिली, ओठ फुटला, नाकातून रक्त आलं तरी. त्याचे हात मातीत नुसते हलत होते. तिचा गुडघा सरकून व्रणावर आला. तो लहान मुलासारखा रडू लागला. आता नुसता भार टाकला तरी व्रण उसवेल, असं तिला वाटलं, आणि भार टाकावा असंही वाटलं.

"आये, पुरे," सुगंधा मागून म्हणाली.

शेवंती उठली. तिनं कोयता उचलला आणि विहिरीत टाकून दिला.

गणपतचा खांदा बरा झाला, पण हात कायमचा अधू राहिला. पोलिसांत तो गेला नाही. कोर्टात उभं राहिलं तर कोल्हापुरातून पळाल्याचं सगळ्यांसमोर निघालं असतं. खालच्या बागेतला काजू शेवंती स्वतः काढू लागली.

परशुरामानं पुन्हा हात उगारला नाही. घासभर घासभर करत तो दिवसातून अनेकदा खायचा, आणि पडवीत बसून असायचा. एकदा भाताची लावणी चालू असताना ती त्याला पेज द्यायला वर आली. वाटी हातात घेऊन, खाली बघतच त्यानं विचारलं, "रगत कित्याक दिलंस गो?"

"दिलंय," ती म्हणाली. "माका वाटला, रगताबरोबर माझो राग थोडो जायत. नाय गेलो."

त्यानं मान डोलावली आणि पेजेचा घोट घेतला. शेवंती चिखलाच्या पायांनी पुन्हा शेतात उतरली.