नाताळचा घास

डॉ. मनवा उजागरे आणि डॉ. गंधार मुळे यांचं जमलंय हे त्या दोघांच्या आधी हॉस्पिटलातल्या सिस्टरांना कळलं होतं. नगर-मनमाड रस्त्यावरचं मुलांचं हॉस्पिटल, स्टाफ मोजका. लपून काय राहणार? मनवा राहुरीची, ख्रिस्ती घरातली, वडील निवृत्त मास्तर. गंधार कोपरगावचा. ती मोजकं बोलायची. तो वॉर्डात शिरला की पोरं खिदळायला लागायची. रडणाऱ्या पोराला सुई टोचता टोचता तो हसवायचा, आणि मनवा हातातलं काम थांबवून बघत राहायची.

ती ख्रिस्ती म्हणून त्याच्या घरी वर्षभर अबोला होता. दिवाळीनंतर तो मिटला. "नाताळला तुमच्याकडे जेवायला येतो, तेव्हा बाबांना विचारतो," असं गंधारनं तिला सांगून ठेवलं होतं.

डिसेंबरात काष्टीचा अमृत दाखल झाला. सहा वर्षांचा. तापानंतर त्याचे पाय लुळे पडले, मग हात, मग घसा. औषधाला गुण येत होता, बोटं हलू लागली होती, पण गिळता येत नव्हतं. नाकातल्या नळीतून दूध चाललं होतं. तोंडातून काही दिलं तर ते सरळ फुप्फुसात जाईल, हे मनवानं त्याच्या आईला, सुरेखाला, बजावलं होतं. शेजारच्या पलंगावर कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की सुरेखा पोराच्या डोळ्यांवर पदर धरायची. स्वतःची भाकरी जिन्याखाली जाऊन खायची.

"लई मागतोय वो म्याडम," ती म्हणायची. "झोपंत बी तोंड हलवतोय."

"थोडे दिवस काढा, सुरेखाताई. मग तुम्हीच भरवा."

चोवीस तारखेला सकाळी वॉर्डात नाताळ केला. गंधार लाल डगला आणि कापसाची दाढी लावून आला, हातात केकचा ट्रे. सुरेखा मागच्या नळावर कपडे धुवायला गेली होती. एकेका पोराला केक देत गंधार अमृतपाशी पोचला. अमृतनं नुसतं तोंड उघडलं.

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून मनवानं ते बघितलं. गंधारनं केकचा तुकडा मोडला, एवढ्याशानं काय होतंय अशा थाटात क्रीमसकट त्याच्या जिभेवर ठेवला आणि डोळा मिचकावला.

"गंधार, अरे..." ती पुढे झाली. तोवर तोच तिच्या दिशेनं आला आणि सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसला. त्यानं डगल्याच्या खिशातून अंगठी काढली.

"डॉक्टरबाई, लग्न करणार का माझ्याशी?"

पोरांनी गलका केला. सिस्टरांनी मोबाईल वर धरले. मनवाच्या तोंडात आलेलं वाक्य तिथंच राहिलं. तिला रडू आलं, हसू आलं, तिनं हात पुढे केला. हो म्हणाली. टाळ्या थांबेनात.

अमृतच्या खोकल्यात जोर नव्हता. तो कुणालाच ऐकू आला नाही. मनवानं वळून बघितलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

मग धावपळ. मनवानं घशातून क्रीम ओढून काढलं, श्वासनळीत नळी घातली. दाढी गळ्यात लोंबत असलेला गंधार छाती दाबत होता. तेवढ्यात ओल्या कपड्यांची बादली घेऊन सुरेखा दारात आली. गंधारनं मान वर केली आणि ओरडला, "काय खायला घातलंत तुम्ही याला? सांगितलं होतं ना!"

बादली सुरेखाच्या हातून सुटली. "म्या न्हाई... म्या तर धुनं धुवाया गेल्ते..."

मनवाचे दोन्ही हात नळीवर होते.

अमृतचं हृदय पुन्हा सुरू झालं, पण तो शुद्धीवर आला नाही. त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. दुपारी मनवानं गंधारला ड्युटी रूममध्ये गाठलं.

"तू सांग त्यांना."

"आता सांगून काय होणार? पोरगा बरा होणार आहे का?"

"त्या बाईवर ढकललंस तू."

"आणि तू?" तो शांतपणे म्हणाला. "मी दिला, तू बघितलास. पेशंट तुझा. त्याच्याकडे धावायचं सोडून तू मला हो म्हणत होतीस."

मनवा तिथून निघाली आणि अमृतच्या उशाशी जाऊन बसली. संध्याकाळी काष्टीहून सुरेखाचा नवरा रामहरी आणि सासू चांगुणा आले. चांगुणाबाईनं सगळ्या वॉर्डासमोर सुनेच्या थोबाडीत मारली. "खादाडे, पोरासाठी बी तुला धीर न्हाई धरवला?" सुरेखानं गाल चोळला नाही. त्या मारानं पोर जागं होईल की काय, अशी ती पलंगाकडे बघत राहिली. मनवा व्हेंटिलेटरचे आकडे लिहीत राहिली.

नाताळच्या दुपारी आईचा फोन आला. मागे भांड्यांचा, हसण्याचा आवाज. "अगं, गंधार आलाय! बाबांच्या पाया पडला. अंगठीचं सांगितलं त्यानं आम्हाला. करंज्या आवडल्या म्हणतो. तू कधी येतेस?"

मनवानं फोन ठेवला. तासाभरानं अमृत गेला.

त्याला गावी न्यायला आवारात गाडी लागली, तेव्हा गंधारही राहुरीहून परतला होता. नव्या शर्टात पायरीवर उभा होता. मनवा त्याच्यासमोरून त्या तिघांकडे गेली.

"केक डॉक्टर मुळ्यांनी भरवला. मी बघितलं. मी थांबवलं नाही. सुरेखाताईंनी काहीही दिलेलं नाही."

"मॅडम कालपासून झोपलेल्या नाहीत," गंधार मागून म्हणाला. "पेशंट गेला की असं होतं त्यांचं."

रामहरी एकदा गंधारकडे, एकदा मनवाकडे बघत राहिला. चांगुणाबाई सुनेकडे वळली. "डाक्टरनं घातला म्हनं. आन् तू कुटं गेल्तीस तवा?"

सुरेखा मनवाच्या जवळ आली. हळूच म्हणाली, "म्याडम, त्याला ग्वाड लागला का?"

मनवाला हो म्हणता आलं असतं.

"घास दिल्यावर मी त्याच्याकडे बघत नव्हते," ती म्हणाली.

सुरेखानं मान डोलावली आणि गाडीत चढायला लागली. सासूनं तिला पोराजवळ बसू दिलं नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं.

मनवानं त्याच संध्याकाळी वरिष्ठांना सगळं सांगितलं, अंगठी परत केली. चौकशीत गंधार एकच वाक्य बोलत राहिला, पेशंट डॉक्टर मनवाचा होता. घास देताना बाकी कुणी बघितलेलं नव्हतं. नंतर अंगठीच्या वेळी सगळे तिच्याकडे बघत होते. मनवाची नोकरी गेली. गंधार दुसऱ्या हॉस्पिटलात लागला, आणि तिथल्या पोरांनाही त्याचा लगेच लळा लागला.

उन्हाळ्यात काष्टीच्या एका बाईकडून मनवाला कळलं, की रामहरीनं सुरेखाला दहाव्यानंतर माहेरी नेऊन सोडलं, ते पुन्हा आणलंच नाही.