रिकाम्या नळीत सापडलेली बहीण

थोरली प्रयोगशाळेत बारा वर्षं घासत होती आणि धाकटीला लागून जेमतेम दोन झाली होती. तरी जुन्या हाडाचं काम आलं तेव्हा प्रमुख बाईंनी ते दिलं धाकटीला. "तिचा हात हलका आहे," म्हणाल्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी कपबश्या फोडायचं कोण आणि बोलणी खायचं कोण, हे बाईंना काय ठाऊक! पाळण्यात आल्यापासून धाकटीने आईला जे खिशात घातलं, ते आजतागायत. आता बाईही तिच्याच झाल्या होत्या.

हाड एका बेपत्ता माणसाचं असावं असा अंदाज होता. त्याची म्हातारी आई गालाच्या आतला नमुना देऊन गेली होती आणि रोज फोन करून विचारायची. इतक्या जुन्या हाडात तग धरतो तो माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए, आणि तो मुलांना फक्त आईकडून मिळतो. म्हातारीचा आणि हाडाचा जुळतो का, एवढंच पाहायचं होतं.

निकालाच्या दिवशी घोळ निघाला. हाडाच्या नळीबरोबर एक रिकामी नळीही तपासतात. तिच्यात काही सापडलं, तर कुणीतरी काम बाटवलं असं समजायचं. तिच्यात चक्क माणसाचा डीएनए निघाला. बाईंनी कर्मचाऱ्यांच्या नमुन्यांची यादी काढली. डीएनए दोघींशी जुळला, थोरलीशी आणि धाकटीशीही. आईने दोघींना अगदी सारखं दिलेलं तेवढंच होतं.

"आता कुणाचा समजू?" बाई कडाडल्या. "हाडाची भुकटी एकाच तपासणीपुरती उरलीय."

थोरलीला मात्र ठाऊक होतं. तीन दिवसांपूर्वी धाकटी जेवायला गेली असताना ती तिच्या कामात खोट काढायला आत शिरली होती. मास्क हनुवटीवर ओढून, एकेका नळीचं झाकण उघडून तिने वाकून पाहिलं होतं. खोट सापडली नाही. काम इतकं देखणं होतं, की तिने उघड्या नळ्यांपाशीच उभं राहून धाकटीला पुटपुटत चार शिव्या हासडल्या होत्या.

"काम माझं होतं, बाई," धाकटी म्हणाली. "चूकही माझीच."

"मग शेवटची तपासणी तुझी ताई करेल."

हवं होतं ते आयतं पदरात पडलं. बाहेर येताच धाकटीने खिशातून पेनाचं टोपण काढून थोरलीच्या हातावर ठेवलं. "माझ्या टेबलाखाली होतं, ताई. तुझंच ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"आई म्हणते, ताईला सांभाळून घे. तिला पटकन लागतं."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. धाकटीने आपल्याला सांभाळून घ्यायचं? मोठेपणासुद्धा हिनेच लाटायचा? तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. रोजच्याच वेळी, म्हातारीचा. थोरलीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. भुकटी एकदाच पुरणार होती.

ती तशीच मागे वळली आणि तिने बाईंच्या टेबलावर टोपण ठेवलं.

"नळी मी उघडली होती. मास्कशिवाय. जळत होते मी तिच्यावर, अजूनही जळतेय." तिने टोपण पुढे सरकवलं. "शेवटची तपासणी तिलाच करू द्या, बाई. तिचा हात हलका आहे."